शवपेटी आणि अंगठी



आज एका चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. खरं म्हणजे त्या चित्रपटातल्या एका पेटीबद्दल. रिडली स्कॉट यांचा 'अमेरिकन गँगस्टर' २००७ साली आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. डेन्झेल वॉशिंग्टन त्यात फ्रँक लुकास झाला आहे, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला हेरॉइनचा व्यापारी. रसेल क्रो झाला आहे रिची रॉबर्ट्स, शेजारच्या न्यू जर्सीतला, पैसे न खाणारा पोलीस. काळ व्हिएतनाम युद्धाचा. लुकास मधले दलाल टाळून थेट थायलंडला जातो, तिथे लष्करात असलेल्या नात्यातल्या माणसाला हाताशी धरतो, आणि अमेरिकन लष्कराच्या विमानांतून हेरॉइन मायदेशी आणतो.

कसं आणतो? युद्धात मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्यांतून.

चित्रपट पाहून आलेल्या कुणालाही पंधरा दिवसांनी विचारा, काय आठवतं? रॉबर्ट्सचा संसार आठवणार नाही, न्यूयॉर्कच्या पोलिसांची भानगड आठवणार नाही. पेटी आठवेल. राष्ट्रध्वजात गुंडाळलेला मुलगा घरी येतोय आणि त्याच्याखाली, दुहेरी तळात, विष आहे. ही प्रतिमा एकदा मनात शिरली की निघत नाही. आज मला तीन प्रश्न विचारायचे आहेत. हे खरं आहे का? खरं नसेल, तर निदान पटण्यासारखं आहे का? आणि तिसरा, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा: ही प्रतिमा आपल्या नजरेआड काय करते?

पहिला प्रश्न. चित्रपटाचा आधार आहे २००० साली 'न्यूयॉर्क' मासिकात आलेला मार्क जेकबसन यांचा लेख, आणि त्या लेखाचा आधार आहे म्हाताऱ्या झालेल्या फ्रँक लुकासचं स्वतःचं बोलणं. लुकासने सांगितलं की त्याने आपल्याकडचा सुतार बँकॉकला नेला, सरकारी शवपेट्यांसारख्या पेट्या करवून घेतल्या आणि त्यांना खोटे तळ बसवले. आता बघा, जो माणूस आयुष्यभर माल विकत आला, तो म्हातारपणी स्वतःची गोष्ट विकतोय. त्याने ती सपक करून विकावी अशी अपेक्षा आपण का करावी?

ज्या माणसाच्या हातात बँकॉकचं टोक होतं, त्याचं नाव लेस्ली ॲटकिन्सन, टोपणनाव आयक. अमेरिकन लष्करातला निवृत्त मास्टर सार्जंट, नॉर्थ कॅरोलायनातल्या गोल्ड्सबरो गावचा. बँकॉकमध्ये त्याचा बार होता, सुट्टीवर आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचा अड्डा. हा माणूस २०१४ साली वारला, आणि शेवटपर्यंत एकच सांगत राहिला: शवपेट्यांशी माझा काही संबंध नव्हता. माल गेला तो सागवानी फर्निचरमधून, सैनिकांच्या खोट्या तळाच्या पिशव्यांमधून, लष्करी टपालातून. तोही गुन्हेगारच, त्याच्याही शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं कारण नाही. पण एक फरक लक्षात घ्या. त्याने हेरॉइन आणल्याचं नाकारलं नाही, फक्त पेटी नाकारली. आणि १९७५ साली तो अडकला तेव्हा त्याला महागात पडला तो हेरॉइनच्या पिशवीवर उमटलेला स्वतःच्या तळहाताचा ठसा. पेटीबिटी काही नाही.

तपास यंत्रणांनी पेट्यांचा मागही काढून पाहिला होता. १९७२ च्या डिसेंबरात थायलंडहून मृतदेह घेऊन येणाऱ्या एका लष्करी विमानाची वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावर झडती झाली. खोटी लष्करी कागदपत्रं घेऊन प्रवास करणारा एक तोतया सैनिक सापडला. हेरॉइन सापडलं नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: लष्करी विमानांतून हेरॉइन आलं हे खरं. शवपेट्यांतून आलं याला लुकासच्या जिभेपलीकडे भक्कम आधार नाही.

यावर कुणी म्हणेल, सर, हा सिनेमा आहे, इतिहासाचा पेपर नाही. आक्षेप रास्त आहे. ॲरिस्टॉटलने हाच भेद केला होता. इतिहासकार जे घडलं ते सांगतो, कवी जे घडू शकेल ते सांगतो, आणि म्हणून कवीचं काम त्याला तत्त्वज्ञानाच्या अधिक जवळचं वाटलं. मला ते मान्य आहे. पण मग कवीच्या कसोटीला तरी उतरा! जे दाखवता ते संभाव्य आहे का, एका गोष्टीतून दुसरी आपोआप निघते का, एवढं तर पाहायला हवं ना?

म्हणून दुसरा प्रश्न. तुम्ही स्वतःला तस्कर समजा. माल न्यायचा आहे. कुठे लपवाल? जिथे कमीत कमी डोळे पोहोचतील तिथे. व्हिएतनाममध्ये मेलेल्या अमेरिकन सैनिकाचा देह सैगावजवळच्या तान सोन न्युत किंवा दा नांग इथल्या लष्करी शवागारात जायचा. तिथे ओळख पटवली जायची, कागद व्हायचे, देह ॲल्युमिनियमच्या पेटीत ठेवला जायचा. विमान अमेरिकेत उतरलं की पुन्हा लष्कराच्याच शवागारात ती पेटी उघडायची आणि देह दफनाच्या पेटीत हलवायचा. म्हणजे दोन्ही टोकांना नोंद, दोन्ही टोकांना माणसं, आणि पेटी तर उघडायचीच असते. शिवाय ॲटकिन्सनचा सगळा पसारा बँकॉकमध्ये, आणि युद्धातले मृतदेह निघायचे व्हिएतनाममधून. याउलट बदली होऊन घरी निघालेल्या सार्जंटचं कपाट, टेबल, दिव्याचा खांब. त्याच्याकडे कोण बघतंय?

म्हणजे पेटीची गोष्ट इतिहास म्हणून लंगडी आहेच, पण तस्कराच्या अकलेच्या हिशोबानेही लंगडी आहे. तरीही ती पटते. का पटते? कारण तिने आपल्या विवेकाला काही विचारलेलंच नसतं. ती थेट किळसेला हात घालते. आणि किळस आली की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता तिसरा प्रश्न. त्यासाठी प्लेटोकडे जाऊ. 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकन गायजीसच्या अंगठीची गोष्ट सांगतो. मेंढपाळ आहे, भूकंपाने जमीन दुभंगते, तो खाली उतरतो. तिथे पितळेचा पोकळ घोडा, घोड्याच्या आत एक प्रेत, आणि प्रेताच्या बोटात अंगठी. ती तो काढून घेतो. अंगठीचा खडा आत वळवला की माणूस अदृश्य होतो. मग तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो. ग्लॉकनचा प्रश्न असा: अशी अंगठी असेल, तर कुणीही न्यायाने का वागावं?

मी ही गोष्ट तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवली, आणि त्यातलं प्रेत मला कधी महत्त्वाचं वाटलं नाही. कुणालाच वाटत नाही. सगळे अंगठीबद्दल बोलतात. हा चित्रपट पाहिला तेव्हा जाणवलं की इथे नेमकं उलटं झालंय. आपण प्रेत लक्षात ठेवलं आणि अंगठी विसरलो.

इथली अंगठी कोणती? लष्करी विमान. गणवेश. 'सरकारी कामावर' अशी पाटी. आपल्याकडे जकात नाके होते तेव्हाची गंमत आठवा. टेम्पोवाल्याची ताडपत्री काठीने टोचून बघायचे, आणि पाटी लावलेली गाडी आली की फाटक आपोआप वर. त्या गाडीत वाईट माणूस बसलेला असतो असं मला म्हणायचं नाही. मला फाटकाबद्दल म्हणायचं आहे. जिथे विश्वासापोटी तपासणी थांबते, तिथे एक अदृश्य जागा तयार होते. मग त्या जागेची किंमत ठरते, आणि किंमत ठरली की गिऱ्हाईक येतंच. पेटी असो, टेबल असो, पिशवी असो, तो तपशील आहे. मूळ माल हेरॉइन नाहीच, मूळ माल आहे 'न तपासलं जाणं'.

१९७१ च्या एप्रिलमधली एक घटना घ्या. लाओसचे नवे राजदूत फ्रान्समध्ये रुजू व्हायला पॅरिसच्या विमानतळावर उतरले. सामानात साठ किलो हेरॉइन. तिथे युद्ध नाही, प्रेत नाही, फक्त राजनैतिक पासपोर्ट आहे. अंगठीच ती, घडण वेगळी. फ्रान्सने त्यांना राजदूत म्हणून स्वीकारलं नाही, ते परत गेले.

ही हकीकत ज्या पुस्तकामुळे सर्वदूर गेली ते 'द पॉलिटिक्स ऑफ हेरॉइन इन साउथईस्ट एशिया', १९७२ साली आलेलं. लेखक आल्फ्रेड मॅकॉय तेव्हा येल विद्यापीठात पीएच. डी. करणारा तरुण होता. तो लाओसच्या डोंगरात गेला, ह्मोंग गावांत लोकांशी बोलला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. लाओसच्या डोंगरात धड रस्ते नव्हते, आणि युद्धाने होते तेही तोडले. उरली विमानं. अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए तिथे ह्मोंग सेनानी वांग पाओच्या मदतीने छुपं युद्ध लढत होती. त्यासाठी 'एअर अमेरिका' नावाची, वरून खाजगी दिसणारी विमान कंपनी तिने चालवली होती. शेतकऱ्याची अफू डोंगरातून बाहेर पडायची तर याच विमानांनी, हेलिकॉप्टरांनी. लाओसचा सरसेनापती ऊआन रत्तिकोन स्वतः या धंद्यात. दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाची मालवाहू विमानं त्यात गुंतलेली. पुस्तक छापण्याआधी सीआयएने प्रकाशकाकडून हस्तलिखित मागवून घेतलं आणि आक्षेप कळवले. प्रकाशकाला त्या आक्षेपांत दम वाटला नाही, आणि पुस्तक आलं.

मॅकॉयचा आरोप नीट समजून घ्या, कारण तो नेहमी वाढवून सांगितला जातो. सीआयए नफ्यासाठी अफू विकत होती असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, युद्धासाठी ज्या मित्रांची गरज होती त्यांचा धंदा तिने चालू दिला, त्यांना वाहन दिलं, आणि बोलणाऱ्यांकडे दुर्लक्ष केलं. संस्थेने तेव्हाही हे नाकारलं आणि नंतरही. पण हा आरोप शवपेटीपेक्षा कितीतरी कमी चित्तथरारक आहे, हे तुमच्या ध्यानात आलं का? यात कुणी राक्षस नाही. एक अधिकारी दुसऱ्याकडे बघत नाही, एवढंच आहे. आणि त्याच काळात, १९७१ मध्ये, व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचं व्यसन इतकं पसरलं की घरी निघालेल्या प्रत्येकाची लघवी तपासायची वेळ आली.

चित्रपटात यातलं काय आहे? जंगलात बसलेला एक चिनी सेनापती, आणि एक नातेवाईक. संपलं. एवढा मोठा राज्यव्यवहार चित्रपटाने घरगुती करून टाकला आहे. लुकास बुद्धीने, धाडसाने, भाऊबंदांच्या जोरावर माल आणतो, जणू काही त्याने एखादं दुकान थाटलं. लष्कर तिथे फक्त वाहन म्हणून उभं आहे. वाहनाला नीती नसते, म्हणून आपण त्याला प्रश्न विचारत नाही.

चित्रपटावर अन्याय नको. एक गोष्ट त्याने फार चांगली दाखवली आहे, आणि तीही भ्रष्टाचाराचीच आहे. रॉबर्ट्सला एका गाडीत जवळपास दहा लाख डॉलर सापडतात. तो ते जसेच्या तसे जमा करतो. त्यानंतर त्याचे सहकारी त्याला वाळीत टाकतात. का? त्यांचं तर्कशास्त्र बिनतोड आहे: जो एवढे पैसे परत करतो, तो आपल्यालाही धरून देईल. ज्या संस्थेत भ्रष्टाचार मुरला आहे तिथे 'विश्वासू' या शब्दाचा अर्थच उलटा होतो. पैसे खाणारा विश्वासू, न खाणारा धोकादायक. हा प्रसंग मी नीतिशास्त्राच्या वर्गात खुशाल दाखवीन.

आणि तो हवेतून आलेला नाही. फ्रँक सर्पिको या पोलिसाने तक्रारी केल्या, १९७० साली वर्तमानपत्रात बातमी आली, तेव्हा न्यूयॉर्कच्या महापौरांना नॅप आयोग नेमावा लागला. त्या आयोगाने भ्रष्ट पोलिसांचे दोन प्रकार सांगितले: गवत खाणारे आणि मांस खाणारे. समोर आलं ते मुकाट घेणारे पहिले, शिकार करत हिंडणारे दुसरे. मला यातलं पहिलं नाव फार अर्थपूर्ण वाटतं. आपण म्हणतो, कुंपणच शेत खातं. पण कुंपण एका घासात शेत खात नाही. ते रोज थोडं चरतं. मांस खाणारा एखादा असतो, आणि गवत खाणारे शंभर गप्प बसतात म्हणून तो जगतो. १९७२ च्या शेवटी उघड झालं की गाजलेल्या 'फ्रेंच कनेक्शन' प्रकरणात पकडलेलं हेरॉइन पोलिसांच्याच कोठारातून नाहीसं झालंय आणि त्या जागी पिठाच्या पिशव्या ठेवल्यात. पोलिसांचं कोठार! तिथे कोण तपासणार? पुन्हा तीच अंगठी.

इतकं हाती असताना चित्रपट शेवटी काय करतो? पडद्यावर मजकूर येतो: लुकासने दिलेल्या माहितीमुळे न्यूयॉर्कच्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेतल्या तीन चतुर्थांश लोकांना शिक्षा झाली. त्या यंत्रणेच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी २००८ साली दावा लावला. न्यायाधीशांनी तो फेटाळला, कारण मजकुरात कुणा व्यक्तीची ओळख पटत नव्हती. पण मजकूर चुकीचा आहे हे त्यांनी स्पष्ट नोंदवलं आणि निर्मात्यांचे कानही उपटले. भ्रष्टाचाराने खरोखर पोखरलेलं होतं ते शहर पोलिसांचं एक खास अमली पदार्थ पथक. त्याचा बुरखा फाटायला सुरुवात झाली ती त्यातल्याच रॉबर्ट ल्यूसी या पोलिसाने तोंड उघडलं तेव्हा, म्हणजे लुकास पकडला जाण्याच्या कितीतरी आधी.

इथे माझी खरी तक्रार आहे. गोष्टीच्या आत तुम्ही कवी असा, माझी हरकत नाही. पण दिवे लागायच्या आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, की तुम्ही इतिहासकाराच्या खुर्चीत बसलात. कवीची सूट आणि इतिहासकाराचा मान, दोन्ही एकदम मागता येत नाहीत. आणि त्या अक्षरांनी केलं काय? कुंपण दुरुस्त केल्याचं श्रेय चोराला देऊन टाकलं. सर्पिको, ल्यूसी, तो आयोग, ती बातमी, म्हणजे एखादी संस्था स्वतःकडे बघायला कशी भाग पडते, ही सगळी अवघड प्रक्रिया पुसली गेली.

यात बिघडलं काय, असं विचाराल तर दोन गोष्टी सांगतो.

पहिली, व्हिएतनाममध्ये अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन सैनिक मेले. त्यांच्या आई-बापांपैकी, भावंडांपैकी अनेक जण २००७ साली जिवंत होते. आपल्या मुलाच्या पेटीत काय होतं ही शंका त्यांच्या मनात आणून सोडणं, आणि तीही एका बढाईच्या आधारावर, ही लहान गोष्ट नाही. मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही. म्हणून त्याच्याबद्दल बोलताना पुरावा जास्त लागतो, कमी नाही.

दुसरी गोष्ट आजची आहे. २५ जून २०१९. ब्राझीलच्या हवाई दलाचं एक विमान स्पेनमधल्या सेव्हिल विमानतळावर उतरलं. जपानमधल्या ओसाका इथे जी-२० परिषद होती, राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो तिकडे जाणार होते, आणि हे त्यांच्या दौऱ्याचं मदतीचं विमान होतं. त्यातल्या एका सार्जंटच्या सामानात एकोणचाळीस किलो कोकेन सापडलं. राष्ट्राध्यक्षांचा थांबा सेव्हिलहून लिस्बनला हलवावा लागला. स्पेनमध्ये सार्जंटला सहा वर्षांची शिक्षा झाली, पुढे ब्राझीलच्या लष्करी न्यायालयानेही शिक्षा दिली. हा गडी नुसता ओझं वाहणारा असणार, असं खुद्द ब्राझीलचे उपराष्ट्राध्यक्ष म्हणाले होते.

या प्रकरणात पेटी नाही, खोटा तळ नाही, सुतार नाही. हातातली बॅग आहे. एकोणचाळीस किलो! लपवण्याची फारशी तसदीसुद्धा घेतलेली दिसत नाही, कारण लपवायची गरज वाटलीच नव्हती. ते सापडलं कारण परक्या देशातल्या विमानतळावर एका यंत्राने गणवेश बघितला नाही, फक्त बॅग बघितली. अंगठी तिथे चालली नाही, एवढंच.

पन्नास वर्षांत आपण या विषयातून जे शिकायला हवं होतं ते हेच: सार्जंटची बॅग मायदेशी, स्वतःच्या तळावर, रोज तपासली जाते का? हा प्रश्न कंटाळवाणा आहे, मला कबूल आहे. त्यावर चित्रपट निघणार नाही. पण कुठल्याही देशात लष्कराबद्दल असा प्रश्न काढला की लोक म्हणतात, सैनिकावर अविश्वास दाखवता? मला हे उलट वाटतं. तपासणी ही प्रामाणिक सैनिकाची ढाल आहे. ती नसेल, तर एक सार्जंट पकडला गेला की सगळ्या गणवेशावर डाग पडतो, आणि ज्याने काही केलं नाही त्याला आपण काही केलं नाही हे दाखवायला काहीच हाती उरत नाही.

ग्लॉकनच्या प्रश्नाला सॉक्रेटिसने पुढची आठ प्रकरणं उत्तर दिलं, की न्यायी माणूस अंगठी असूनही न्यायी राहील, कारण अन्यायाने आधी त्याचाच आत्मा बिघडतो. मी ते उत्तर आयुष्यभर शिकवलं आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण ते एका माणसासाठीचं उत्तर आहे. संस्थेला ते पुरत नाही. संस्थेसाठी उत्तर साधं आहे: अंगठ्या वाटू नका, आणि ज्या वाटल्या गेल्या असतील त्यांची नोंद ठेवा.

चित्रपट पुन्हा जरूर पाहा. डेन्झेल वॉशिंग्टनचं काम उत्तम आहे. फक्त पेटी दिसेल तेव्हा क्षणभर तिच्यावरून नजर काढा आणि ती ज्या विमानातून उतरतेय त्या विमानाकडे बघा.

आता तुमचे प्रश्न घेतो.